निसान ३७०झेड विकायची आहे, बदललेल्या पार्टसकट देऊ की पुन्हा स्टॉक (कंपनीतून आली तशी) करून? (इंदूर)

मालव_झेड, इंदूर

नमस्कार मंडळी, महिनाभर लिहू का नको चाललं होतं, आज बसलोच. माझ्याकडे निसान ३७०झेड आहे, मार्च २०११ची, सहा गिअरची मॅन्युअल, एमपी ०९ पासिंग, मी दुसरा मालक, ५८ हजार किमी झालेत. ती विकायची आहे. आईचे गुडघे गेलेत, त्या खोल सीटमधे तिला बसवता येतं पण बाहेर काढायला दोघं लागतात, सीटाही दोनच, आणि लोकमान्य नगरातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात दुसरी गाडी मावत नाही. एकच ठेवायची तर आई ज्यात बसू शकेल ती. हा निर्णय झालाय, मदत हवी आहे ती नीट विकण्यासाठी.

काय काय बदललंय ते सगळं सांगतो. मागचा एक्झॉस्ट स्टेनलेस स्टीलचा आहे (कॅट-बॅक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कंपनीचेच आहेत, त्यांना हात लावलेला नाही), ऑइल कूलर बसवलाय थर्मोस्टॅटसकट, स्प्रिंगा बदलून गाडी इंचभर खाली केलीये, मागच्या चाकांना १५ मिमीचे स्पेसर (चाक थोडं बाहेर आणणाऱ्या चकत्या), आणि क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) आणि त्याची स्टीलच्या जाळीची लाइन. बास. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जसा होता तसाच, इंजिन उघडलेलं नाही, चाकं रेजची १९ इंची ओरिजिनल, पुढे २४५/४० मागे २७५/३५.

यातल्या दोन गोष्टी हौसेच्या नाहीत, गरजेच्या आहेत आणि घेणाऱ्याला ते समजावं असं मला फार वाटतं. एक ऑइल कूलर. या इंजिनाचं ऑइल तापतं, १४० च्या आसपास गेलं की इंजिन स्वतःला वाचवायला आरपीएमच वर जाऊ देत नाही. मे महिन्यात महेश्वरहून परत येताना धामनोदच्या पुढे घाट चढत होतो, बाहेर ४३ डिग्री, डॅशबोर्डवर मधे तीन गोल आहेत त्यातला ऑइलचा काटा १२५ च्या पुढे गेला, मी एसी बंद करून ट्रकच्या मागे मागे वर आलो आणि मानपूरला पोचून बॉनेट उघडून अर्धा तास उभा राहिलो. त्यानंतर कूलर लावला, आता त्याच घाटात त्याच महिन्यात १०५ च्या वर जात नाही.

दुसरा क्लच. पलासियाला सिग्नलला उभा होतो, पेडल दाबलं ते खाली गेलं आणि वर आलंच नाही. पायाने उचलावं लागलं. गाडी गिअरमधे अडकलेली, मागे हॉर्न सुरू, शेवटी शेजारच्या पोहेवाल्याने आणि त्याच्या दोन पोरांनी ढकलून कडेला लावून दिली. ३७०झेडचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत बसतो त्यामुळे एवढासा भाग बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून तेव्हाच जरा दणकट सिलिंडर आणि नवी लाइन घालून घेतली, क्लच प्लेटपण तेव्हाच नवी. त्याला १४ हजार किमी झालेत.

आता प्रश्न. दोन डीलरना दाखवली. एक म्हणाला मॉडिफाइड आहे, पाच लाख कमी धरतो. दुसरा म्हणाला काहीच सांगू नका, ओरिजिनलच आहे म्हणा, कोण बघतो खाली वाकून. मला दोन्ही पटलं नाही. सगळे जुने पार्ट माळ्यावर आहेत. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?


स्पॅनर, पिथमपूर

सगळे जुने पार्ट ठेवलेत हे वाचूनच बरं वाटलं. दादा, माझा अनुभव सांगतो, बदललेल्या पार्टांचे पैसे कधीच वसूल होत नाहीत पण सांभाळून ठेवलेल्या जुन्या पार्टांचे होतात. घेणाऱ्याला तुमची आवड विकत घ्यायची नसते, त्याला हे हवं असतं की गाडी कधीही कंपनीतून निघाली तशी करता येईल. त्यामुळे एक्झॉस्ट, स्प्रिंगा, स्पेसर हे काढा आणि स्टॉक करा. ऑइल कूलर आणि क्लच सिलिंडर काढू नका, ते या गाडीचे माहीत असलेले कच्चे दुवे तुम्ही पक्के केलेत, तिथे मागे जाणं चूक.

विकायच्या आधी अजून तीन गोष्टी बघून घ्या, कारण जाणकार माणूस आला तर हेच विचारणार. पहिली, ऑइल गॅलरीची गॅस्केट. या व्हीक्यू३७ इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत पुढच्या टायमिंग कव्हरच्या आत कागदी गॅस्केट होती, ती कालांतराने फाटते आणि ऑइलचं प्रेशर आतल्या आत गळतं. बाहेर थेंब पडत नाही म्हणून कळतच नाही. डॅशबोर्डवर ऑइलचं तापमान दिसतं, प्रेशर दिसत नाही, तेव्हा प्रेशर स्विचच्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावा, गाडी पूर्ण गरम करा आणि आयडलला किती येतं त्याचा फोटो काढून ठेवा. ते इंजिन इनटेक वाल्व्ह उघडायची वेळपण ऑइलच्या भरवशावरच बदलत असतं, प्रेशर पडलं की सगळंच बिघडतं.

दुसरी, स्टिअरिंग लॉक. २००९-१०-११ च्या गाड्यांचा इलेक्ट्रॉनिक लॉक अडकतो आणि मग गाडी सुरूच होत नाही. तुमच्या गाडीत तो बदललाय का? तिसरी, मागच्या टायरची आतली कड. गाडी खाली केली की कॅम्बर (चाकाचा आतल्या बाजूचा कल) वाढतो आणि टायर आतून खातो, बाहेरून नवा दिसतो. चाक काढून बघा. स्पेसर काढताना स्टडपण बघून घ्या.


मालव_झेड, इंदूर

स्टिअरिंग लॉक २०१९ला बदलला, बिल आहे. टायर तुमचं वाचून लगेच जॅक लावून पाहिले, डावीकडच्या मागच्या टायरची आतली कड खरंच गेलीये, बोट फिरवलं तर तारा लागायच्या बाकी आहेत. बाहेरून साठ टक्के रबर दिसत होतं. मी हा टायर रोज बघत होतो आणि मला दिसला नाही. मागचे दोन्ही नवे घालतो मग विकतो, याच टायरवर कुणाला हायवेला पाठवणार नाही.


लष्करवाला, ग्वाल्हेर

मी इन्शुरन्समधे सर्व्हेचं काम केलेलं आहे, आता निवृत्त आहे, म्हणून कागदांचं सांगतो. गाडीत जीव असतो हे मान्य पण विकताना तिचा जीव कागदात असतो.

मार्च २०११ म्हणजे मार्च २०२६ला १५ वर्षं पूर्ण. आरसीचं नूतनीकरण लागणार, आणि ही पूर्ण बनून आयात झालेली गाडी आहे, २०२२च्या एप्रिलपासून आयात केलेल्या चारचाकीची नूतनीकरणाची फी ४० हजार आहे, देशी गाडीला ५ हजार. बऱ्याच जणांना हे काउंटरवर गेल्यावर कळतं. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि तिथे तुमचा तो एक्झॉस्ट चालणार नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९च्या जानेवारीत स्पष्ट केलेलं आहे की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मान्य नाही. दंडाचं कलमही आहे, एका बदलाला ५ हजार. त्यामुळे स्टॉक करा हे स्पॅनर म्हणतात ते भावासाठी बरोबर आहेच, कायद्यासाठीही आहे.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. गाडी दिली, पैसे आले, पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं आणि पुढच्याने कुणाला उडवलं तर नुकसानभरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते. २०१८ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, ज्याचं नाव आरसीवर तो मालक. माझ्या नोकरीत मी अशी घरं पाहिलीत की स्कूटर विकून चार वर्षं झाली आणि नोटीस दारात. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून डीलरच्या हातात कधीही देऊ नका. कधीही. गाडी बाहेरच्या राज्यात चालली तर फॉर्म २८ची एनओसी आधी, गाडी नंतर. कर्ज होतं का? असेल तर फॉर्म ३५ने आरसीवरून बँकेचा बोजा उतरवून घ्या.

इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही, त्याचं पत्र घेऊन ठेवा, पुढच्या गाडीला लागेल. आणि घेणाऱ्याने १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करायची, नाहीतर त्याच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम मिळत नाही.


निंबोणी, इंदूर

मला गाड्यांच्या आतलं फार कळत नाही, पण गेल्या वर्षी माझ्या भावाची जुनी व्हीटेक सिटी विकायला मीच धावपळ केली म्हणून सांगते. जाहिरातीत चांगले फोटो सगळेच टाकतात, तुम्ही ओरखड्यांचे टाका. पुढचं बंपर खालून घासलं असेल तर त्याचा, सीटचं लेदर जिथे फाटलंय त्याचा, अगदी जवळून. आम्ही तसं केलं तर फोन कमी आले पण जे आले ते गाडीविषयी बोलणारे आले.

आणि माणूस बघून द्या. आमच्याकडे एक मुलगा आला होता, टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली मित्राला मोबाइल देऊन रस्त्याच्या कडेला उभा केला, रील बनवायची होती त्याला. सुपर कॉरिडॉरवर दुसऱ्यात रेडलाइनला. भाऊ शेजारी बसला होता, त्याने हात धरून थांबवलं. तुमची गाडी तर त्याच्या तिप्पट ताकदीची. टेस्ट ड्राइव्हच्या आधी लायसन्सचा फोटो घ्या, रस्ता तुम्ही ठरवा, पहिले पाच किलोमीटर तुम्ही चालवा.


रावपुरा_०६, बडोदे

धागा पहिल्यापासून वाचतोय, आता लिहितो. मला ही गाडी घ्यायची इच्छा आहे, खरोखर घ्यायची आहे. बावीस वर्षांचा असताना एका मासिकात १९६९च्या २४०झेडचा फोटो पाहिला होता, लांब नाक आणि मागे उतरत गेलेलं छप्पर, तेव्हापासून डोक्यात आहे. जपानात तिला फेअरलेडी म्हणायचे आणि अमेरिकेत निसानचे युताका कातायामा होते त्यांनी ते नाव गाडीवरून काढायला लावून नुसतं २४०झेड ठेवलं, हे वाचून मला फार आवडलं होतं, गाडीला तिच्या आकड्याने ओळखावं. ३७०झेड त्याच रांगेतली, २०२०पर्यंत बनत होती. आता चौतीस वर्षांचा आहे, पैसे साठवलेत, कर्ज काढणार नाही.

माझे प्रश्न. बडोद्यात पार्टांचं काय करायचं? पेट्रोल कुठलं घालता, आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल आहे? आणि तुम्ही न सांगितलेली कुठली गोष्ट अशी आहे का जी मला इथे विचारायला सुचणार नाही?


मालव_झेड, इंदूर

शेवटचा प्रश्न विचारलात त्यावरूनच मला तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. किंमत व्यनित (व्यक्तिगत निरोपात) बोलू.

पार्ट. हेच इंजिन इन्फिनिटी जी३७ला आणि जपानमधल्या स्कायलाइनला होतं त्यामुळे सेन्सर, गॅस्केट, बेल्ट असलं सगळं दुबईहून येतं, पार्ट नंबर पक्का माहीत असला की अडत नाही. माझ्याकडे वहीत सगळे नंबर लिहिलेत, ती वही गाडीबरोबर देईन. बॉडीचे पार्ट मात्र अवघड, हेडलाइट फुटला तर महिने जातात. म्हणून पार्किंग जपून.

पेट्रोल मी ९५ ऑक्टेनचंच घालतो. इथेनॉलसाठी ही गाडी बनलेली नाही, म्हणून मी दोन नियम पाळतो, टाकी भरून महिना महिना उभी करत नाही आणि दर सर्व्हिसला बॉनेटमधल्या पेट्रोलच्या नळ्या हाताने दाबून बघतो, चिकट किंवा फुगलेल्या वाटल्या की बदलायच्या. अहमदाबादेत १०० ऑक्टेनचं मिळतं, त्यात इथेनॉल नसतं, तुमचं तिकडे जाणं होत असेल तर भरत जा.

तुम्हाला न सुचणारी गोष्ट, टाकी अर्ध्याच्या खाली असताना लांब उजव्या वळणावर जोरात जाऊ नका, पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंपाला हवा लागते, गाडी झटका देते. मी एकदा नॅट्रॅक्सला (पिथमपूरचा टेस्ट ट्रॅक) पैसे भरून गेलो होतो, तेव्हापासून अर्ध्याच्या खाली काटा येऊच देत नाही.


मालव_झेड, इंदूर

अपडेट. गेला आठवडा गाडी स्टॉक करण्यात गेला. लिफ्टवर घेतली, एक्झॉस्टचे नट सहा वर्षांच्या गंजाने धरले होते, आदल्या रात्री तेल मारून ठेवलं तरी दोन कापावेच लागले. जुना सायलेन्सर माळ्यावरून मी आणि शेजारचा मुलगा असे दोघांनी मिळून उतरवला, चादरीत गुंडाळून ठेवला होता, चादर सोडली तर आतून पाल निघाली. एवढा जड असतो हे विसरलो होतो. स्प्रिंगा बसल्यावर गाडी जेव्हा चाकांवर खाली सोडली तेव्हा ती उंच, अनोळखी वाटली, आणि चावी मारली तर आवाजच नाही. म्हणजे आहे, पण माझ्या ओळखीचा नाही. मिस्त्री म्हणाला, भिया, अब लग रही है कंपनी की. मी पाच मिनिटं तिथेच आयडलला ऐकत उभा होतो. घरी येताना आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर तिरकी न घेता सरळ गेली, सहा वर्षांत पहिल्यांदा.

प्रेशर बघितलं, स्पॅनर, तुमच्या सांगण्याप्रमाणे गेज लावून, गरम करून. व्यवस्थित आहे, गेजचा फोटो आणि शेजारी ऑइलच्या तापमानाचा फोटो असे दोन्ही रावपुरांना पाठवलेत. पण गॅस्केट कागदीच असणार, ती बदललेली नाही, तेही त्यांना लिहून दिलंय. चांगलं आहे म्हणजे पुढेही राहील असं मी म्हणणार नाही. त्यांनी त्याचे पैसे किमतीतून थोडे कमी करायला सांगितले, मी केले.

नूतनीकरणाचा अर्ज केला, तपासणी झाली, ४० हजार मी भरले. लष्करवाला काका, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी ऐन वेळी घेणाऱ्याशी यावरून वाद घालत बसलो असतो.


रावपुरा_०६, बडोदे

शनिवारी इंदूरला जाऊन आलो. मालव यांच्या आईंनी आधी जेवायला बसवलं, मग गाडी. पहिली गोष्ट मालव यांनी केली ती म्हणजे थंड गाडीचं बॉनेट माझा हात धरून मला तपासायला लावलं, आधी तापवून ठेवलेली नाही हे कळावं म्हणून. मग सुरू केली आणि ऑइलचा काटा हलेपर्यंत आम्ही नुसते अंगणात उभे होतो, काही बोललो नाही. रस्त्यावर पहिले ते, मग मी. गिअरपाशी एस लिहिलेलं बटण आहे ते दाबलं की खालच्या गिअरला जाताना गाडी स्वतःच आरपीएम जुळवून घेते, मॅन्युअलमधे हे सगळ्यात आधी याच गाडीत आलं, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली आणि काही धक्काच लागला नाही, मी परत परत करून पाहिलं. क्लच वरपर्यंत एकसारखा येतो. मागचे टायर नवे.

टोकन दिलं. एनओसी आल्यावर गाडी न्यायची, आधी नाही, दोघांचंही असंच ठरलंय. बडोद्याच्या आरटीओत आयात गाडीचा टॅक्स किती लागेल तेही विचारून आलोय.


लष्करवाला, ग्वाल्हेर

देताना पावतीवर तारीखच नव्हे तर वेळपण लिहा, तास-मिनिटासकट, दोघांच्या सह्या. त्या दिवशी दुपारी चारला चलान झालं तर कुणाचं ते त्या कागदावरून ठरतं. चलान बाकी असेल तर एनओसी अडते, आधी बघून घ्या.


मालव_झेड, इंदूर

एक चलान निघालं काका, २०२३चं, मला माहीतच नव्हतं. भरलं. एनओसी बुधवारी आली.

आज सकाळी ६.४० ला गाडी दिली. दोन्ही चाव्या, वही, बिलांची फाइल. स्टेनलेसचा एक्झॉस्ट आणि खालच्या स्प्रिंगा त्यांना नको होत्या, त्या मी दुसऱ्या झेडवाल्याला देईन, गाडीच्या किमतीत धरल्या नव्हत्या. आई दारापर्यंत आली होती, तिने बॉनेटला हळदकुंकू लावलं. धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा असे जाणार आहेत.


रावपुरा_०६, बडोदे

पोचलो, दुपारी पावणेदोनला. दाहोदला थांबून जेवलो, पूर्ण वाटेत ऑइल ९५ च्या वर गेलं नाही. सोमवारी आरटीओ आणि इन्शुरन्स, नाव चढलं की इथेच लिहितो.

एक विचारायचं होतं, दार उघडताना काच आपोआप बोटभर खाली येते आणि बंद केलं की वर जाते, पण ड्रायव्हरच्या बाजूची वर जाताना हलका कर्र आवाज करते. हे आधीपासून आहे का?


मालव_झेड, इंदूर

काच खाली येणं बरोबर आहे, दाराला वरची फ्रेम नाही ना, रबरातून सुटायला ती खाली येते. आवाज आधीपासून आहे, सांगायचा राहिला, माफ करा. रबर कोरडं पडलं की येतो. ओल्या फडक्याने रबर पुसून वाळू द्या आणि सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ लावा, पेट्रोलियमवालं नको, त्याने रबर फुगतं. डबी उजवीकडच्या सीटमागच्या कप्प्यात आहे, निम्मी भरलेली. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीला एकदा.